फॉर्मवाले मामा आणि माझं बी.ए.

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आजवर मी जे काही लिहिलं ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, नाहीतर अर्जांच्या रकान्यांत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळं एखाद्या माणसावर लिहायचं तर सुरुवात कुठून करतात हे विचारायलाही घरात कुणी नाही. शिवाय ज्यांच्यावर लिहितोय त्यांच्या नावावर ना पुरस्कार, ना पुस्तक, ना पद. नांदेडच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं आठ बाय दहाचं दुकान होतं, एवढीच त्यांची ओळख. पण अशा दुकानाच्या पायरीवर ज्यांनी फाईल छातीशी धरून तास न् तास काढलेत, ते माझं चुकलंमाकलं समजून घेतील.

सगळे त्यांना फॉर्मवाले मामा म्हणत. मामा माणसाला आधी नाव विचारत नसत, शिक्षण विचारत. पायरीवर सावली पडली की स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायचे, “शिक्षण?” समोरच्यानं बारावी म्हटलं की लगेच, “आर्ट्स का सायन्स? टक्के? वय?” आणि मग त्याला कुठले कुठले फॉर्म भरता येतील हे धडाधड सांगून टाकायचे. नाव त्यानंतर, तेही फॉर्मात लिहावं लागतं म्हणून. हाक मात्र ते गावानंच मारत. “ए किनवट, फोटो आण.” “मुखेड, सही कर हितं, रेघेच्या आत.” मी हदगावच्याही पलीकडच्या एका लहान गावाचा, पण मामांसाठी पहिल्या दिवसापासून मी हदगाव.

ही सवय दुकानापुरती नव्हती. एकदा ते भाचीच्या लग्नाला देगलूरला जाऊन आले. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, “नवरदेव कसा हाय मामा?” मामा म्हणाले, “चांगला हाय. बी.कॉम. हाय, दोन्ही टायपिंग झालेत, अन् वय अजून चार वर्षं बसतंय.” चहावाला म्हणाला, “मी सोयरिकीचं विचारून राहिलो मामा, भरतीचं न्हाई.” मामांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही.

दुकानात एका खिळ्याला पांढरा शर्ट टांगलेला असायचा. फोटो काढायचा असला की तो अंगात घालायचा, मागच्या पांढऱ्या चादरीसमोर उभं राहायचं, आणि काढून परत खिळ्याला लावायचा. खेड्यातून येणारी पोरं रंगीबेरंगी टी-शर्ट घालून यायची आणि मामांचं मत होतं की अशा कपड्यातला माणूस साहेबाला आवडत नाही. त्या एका शर्टात आमच्या तालुक्यातले कितीतरी जण सरकारदरबारी जमा आहेत. माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरही तोच आहे, खांद्यावर ढगळा. मी फोटोच्या वेळी जरा हसलो होतो. मामा म्हणाले, “हसू नको. नोकरी लागल्यावर हास, तवा मी पैसे न घेता काढतो.”

आणि त्यांचे लाडके तीन शब्द होते. जाहिरात वाचताना बाकीचं सगळं पुटपुटत जायचे, पण पात्रतेच्या जागी “कोणत्याही शाखेचा पदवीधर” असं आलं की आवाज चढायचा. म्हणायचे, “हे बी.ए.वाल्याचं दार हाय. दार लहान, गर्दी लई. पण दार हाय.”

माझ्या आयुष्यात मामा आले ते माझ्या बारावीच्या निकालानंतर. आर्ट्सला मला चांगले मार्क मिळाले होते. पण आर्ट्सचे मार्क म्हणजे काय हे घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. माझा चुलतभाऊ संतोष आयटीआय करून चाकणला एका कंपनीत लागला होता. दिवाळीला तो मोटारसायकलवर गावात आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी हात लावून पाहिली होती. संतोष म्हणाला, “काका, ह्याला इलेक्ट्रिशियनला टाका. बी.ए. करून पोरं काय करतेत? पारावर बसतेत.” अण्णांना ते पटलं होतं. मला पटलं नव्हतं, पण अण्णांसमोर तसं बोलायची माझी हिंमत नव्हती. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं नांदेडला आलो ते आयटीआयचा फॉर्म भरायला. कुणीतरी मामांचं दुकान सांगितलं होतं.

मामांनी माझा निकाल बघितला. “आर्ट्सला येवढे मार्क, अन् आयटीआय?” मग माझ्याकडं वळून, “तुला काय करायचंय?”

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, “त्याला बी.ए. करायचंय म्हंतो घरी, आईला. मला सांगत न्हाई.” ही गोष्ट त्यांना माहीत आहे हे मला तिथंच कळलं.

मामांनी चुकलेल्या प्रिंटचा एक कागद उलटा केला आणि मध्ये रेघ मारली. एका बाजूला आयटीआय, एका बाजूला बी.ए. फी, खोली, मेस, एसटीचा पास, पुस्तकं, सगळं ते लिहीत गेले. मग बी.ए.च्या बाजूला आणखी एक मोठा आकडा लिहिला. अण्णांनी विचारलं, “हे काय?”

“तीन वर्षांत ह्यानं जे कमावलं असतं ते.”

“ते कामून धरायचं? ते तर आपल्याकडं कधी नव्हतंच.”

“येणार होतं न अण्णा. आलं न्हाई, म्हंजे गेलंच की.”

अण्णा त्या आकड्याकडं बघत राहिले. शेतात न उगवलेलं पीक मोजायची त्यांना सवय होती, पण पोराचा न मिळालेला पगार त्यांनी पहिल्यांदाच कागदावर पाहिला. म्हणाले, “म्हंजे बी.ए. तोट्यात हाय.”

“हाव. पहिली सहा-सात वर्षं तर तोट्यातच हाय.”

“अन् मग पुढं?”

“पुढचं मला दिसत न्हाई. खोटं कामून सांगू?” मामांनी पेन खाली ठेवलं. “इंजिनियरिंगवाल्याचं दिसतं, नर्सिंगवालीचं दिसतं. बी.ए.वाल्याचं दिसत न्हाई. एखादा तहसीलदार होतो, एखादा पानटपरी टाकतो. दोघांचे फॉर्म म्याच भरलेत.” मग मला म्हणाले, “हदगाव, आता तू बोल. बी.ए.लाच कामून?”

  जे खरं होतं तेच मी बोललो. अकरावीत आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं होतं, तुमच्या गावात स्मशानं किती? आम्ही म्हणालो, दोन. सर म्हणाले, का? वर्गात कुणाला सांगता आलं नाही. घरी येऊन मी अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले होते, पहिल्यापासून हायत. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते ‘का’ बसलं होतं. गावातून जाता-येता मला सगळीकडं तसलीच ‘का’ दिसायला लागली होती, आणि ती कुठं शिकवतात तर बी.ए.ला, एवढंच मला माहीत होतं.

हे सगळं मी खाली बघून बोललो. अण्णाही खालीच बघत होते. मामा म्हणाले, “हे आयटीआयला शिकवत न्हाईत, अण्णा.”

 मग मामांनी, कारण नसताना, अशी गोष्ट केली की जिचं ओझं पुढं मी वर्षानुवर्षं बाळगलं. म्हणाले, “बी.ए. होऊन पोरगं रिकामं बसलं तर माझ्याकडं आणा. मी बघतो त्याचं. माझी जबान हाय.”

अण्णा उठून बाहेर गेले, तंबाखू मळून आले, आणि म्हणाले, “भरा मग.”

तीन वर्षं मी नांदेडला एका खोलीत तिघांबरोबर राहिलो. मामांकडं जायला काम लागायचं नाही, पण मी काम काढून जायचो. ते टाईप करता करता विचारायचे, “आज काय शिकवलं?” आणि मी सांगायचो. एकदा मी सांगितलं की समाजात प्रत्येक माणसाची एक भूमिका असते आणि त्या भूमिकेप्रमाणं लोक त्याच्याशी वागतात. मामा म्हणाले, “हे तर मला कालच कळलं. काल मी बँकेत रांगेत हुभा होतो तर कुणी विचारत न्हाई. मॅनेजरच्या पोराचा फॉर्म अडकला, तर मॅनेजर खुर्ची घेऊन आला.” मग थांबून म्हणाले, “पण ह्याला तुमच्याकडं नाव हाय, हे बरं हाय.”

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प होता. मी विषय घेतला, माझ्या गावातल्या बी.ए. झालेल्यांचं पुढं काय झालं. खरं तर तो माझाच प्रश्न होता. मामांना सांगितलं तर ते खुर्चीतून वळून बसले, असं ते क्वचितच करत. म्हणाले, “एक लक्षात ठेव. ज्याला नोकरी न्हाई लागली त्याला आधी विचार. लागलेला आपणहून सांगतो.” सरांनी नमुना निवड नावाचं एक आख्खं प्रकरण शिकवलं होतं, पण ते मला खरं समजलं मामांच्या या वाक्यानं. मी गावात फिरलो. नोकरीवाले ओसरीवर खुर्ची टाकून बोलले. बाकीच्यांना शेतात, गिरणीत, टपरीवर गाठावं लागलं. एक जण म्हणाला, “लिहून घे, बी.ए.चा फायदा येवढाच झाला की सासऱ्यानं अंगठी जड घातली.”

एका घरात सून बी.ए. झालेली होती. कमाई काहीच नाही. पण गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज, रेशनच्या तक्रारी, दवाखान्याची कागदं तीच वाचून सांगायची, आणि एका म्हातारीची बंद पडलेली पेन्शन तिनं तहसीलला चार खेपा घालून चालू करून आणली होती. तिची डिग्री फायद्यात धरायची की तोट्यात, हे मला ठरवता येईना. मामांना विचारलं. त्यांनी टाईप करणं थांबवलं. मग म्हणाले, “त्याचा रकाना न्हाई रे फॉर्मात.”

बी.ए. झालं. चांगल्या मार्कांनी झालं. आणि मग ते लहान दार आणि ती गर्दी मी प्रत्यक्ष पाहिली. दीड वर्षात मामांनी माझे किती फॉर्म भरले याची गणती नाही. काही परीक्षा पुढं गेल्या, काही रद्द झाल्या, काहींत मी दोन-तीन मार्कांनी राहिलो. दरवेळी मामा म्हणायचे, “वय बसतंय अजून, फिकीर नक्को.” पैसे घेईनासे झाले. ते मला जास्त लागलं. पैसे घेत होते तोवर मी गिऱ्हाईक होतो, आता मी त्यांची जबान होतो.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला संतोष गावी आला होता. अण्णांसमोरच म्हणाला, “तुझ्या मामाची पोरगी कुठं हाय माहीत हाय का? लातूरला. सायन्सला, नीटच्या क्लासला. दुसऱ्याच्या पोराला बी.ए. अन् सोताच्या पोरीला डॉक्टरकी. शहाणा हाय तुझा मामा.”

मामांची मुलगी शुभांगी अकरावीला लातूरला गेलीय हे मला माहीत होतं. पण मी ते असं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या रात्रीपासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळायला लागला. मामांनी मला जे सांगितलं ते त्यांना खरंच पटलेलं होतं का? की माझ्यासारख्याला एवढंच पुरे, असं त्यांना वाटलं होतं? हा प्रश्न मी त्यांना विचारू शकत नव्हतो, आणि न विचारता त्यांच्यासमोर बसूही शकत नव्हतो. मी त्या गल्लीतून जायचं सोडलं. स्टँडवर उतरलो की मागच्या बाजूनं न जाता पुढून वळसा घालून जायचो. नवीन सिम घेतलं. नंबर त्यांना दिला नाही.

मग लातूरच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. घरोघरी जाऊन माहिती गोळा करणारी माणसं पाहिजे होती. पात्रतेच्या जागी लिहिलं होतं, सामाजिक शास्त्रांतली पदवी. कोणतीही शाखा नाही, माझीच शाखा. मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, पळत जाऊन मामांना दाखवावी. गेलो नाही. फॉर्म मोबाईलवर स्वतःच भरला आणि लागलो. काम अकरा महिन्यांच्या करारावर, पगार संतोषच्या पहिल्या पगाराइतका. ठरवलं, कायम झालो की मामांकडं पेढे घेऊन जायचं. करार दोनदा वाढला, कायम काही झालो नाही. सोबत बाहेरून एम.ए. सुरू केलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बारावी झालो तेव्हा आमच्या गावात मोबाईलला रेंज नीट नव्हती. म्हणून मामांनी माझ्या अर्जात संपर्कासाठी स्वतःचाच नंबर टाकला होता. माझ्याच नाही, खेड्यातल्या कितीतरी पोरांच्या. त्या एका नंबरवर निम्म्या जिल्ह्याचे ओटीपी, हॉल तिकिटं, निकाल यायचे. मामा स्टँडवर जाऊन त्या त्या गावच्या गाडीत कुणी ओळखीचं दिसलं की निरोप द्यायचे, अमक्याला सांगा, परीक्षा अमुक तारखेला. पुढं सगळ्यांकडं फोन आले, पण अर्जातले नंबर कुणी बदलले नाहीत. मीही नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

एके दिवशी दुपारी मी लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका गावात काम करत होतो. अण्णांचा फोन आला. म्हणाले, “मामा आलेत.”

“कोण मामा?”

“फॉर्मवाले. नांदेडहून. एसटीनं हदगाव, अन् तिथून पायी आलेत. पानी पिऊन राहिलेत. घे, बोल.”

जो माणूस जेवायला खुर्चीतून उठत नसे, तो आमच्या ओसरीवर बसलेला आहे, हे मला खरंच वाटेना. फोनवर मामांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “लिपिकाच्या जागेची वेटिंग लिस्ट उघडलीय. तुझं नाव हाय. उद्या अकराला नांदेडला कागदपत्रं तपासायचेत. परवा मेसेज आला. तुझा जुना नंबर बंद, अण्णांचा माझ्याकडं न्हाई. दोन दिवस हदगावच्या गाड्यांत निरोप देऊन राहिलो, कुणी पोचवला न्हाई. मूळ कागदं घेऊन पहाटेच्या गाडीनं ये.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला उतरलो तर मामा स्टँडवर उभे होते. माझ्या सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रतींचा संच करून आणला होता. आम्ही गेलो. माझ्या पुढं यादीत एक मुलगी होती. ती येईल की नाही यावर सगळं होतं. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. मामा फाटकाकडं बघत होते. पावणेबाराला ती आली, वडिलांच्या मागे स्कूटरवर बसून, धापा टाकत. जागा एकच होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं मामा म्हणतील, वय बसतंय अजून. ते म्हणाले, “चल, चहा घेऊ.” आम्ही स्टँडवर बाकावर बसलो आणि तिथं त्यांचा आवाज एकदम चढला. “मला तोंड दाखवायची लाज वाटून राहिली तुला? मी काय पैसे मागत होतो का? दोन वर्षं होऊन गेली, माझ्या गल्लीतून आला न्हाईस. पुढून वळसा घालून जातोस, चहावाल्यानं बघितलंय तुला.”

मी जे विचारायचं टाळत होतो ते रडवेल्या आवाजात विचारून टाकलं. “मामा, मग शुभांगीला बी.ए.ला का नाही घातलं?”

मामांनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, “भ्यालो, अजून काय. दुसऱ्याच्या पोराचं बघताना डोकं चालतं. लेकीचं बघताना बंद पडतं. ती यंदा दुसऱ्यांदा नीट देऊन राहिली. फोन केला की हाव, न्हाई, जेवले, ठेवते. येवढंच बोलती.” थोडं थांबून म्हणाले, “पण तुला सांगितलं ते खोटं न्हाई सांगितलं, हदगाव. तुझ्या वक्ताला मला भ्या न्हवतं, येवढाच फरक.”

त्या एका वाक्यानं माझ्या मनातलं सगळं खाली बसलं. मग त्यांनी विचारलं, “पगार किती?” मी खाली बघून सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली. “अन् करतोस काय नेमकं?”

मी सांगायला लागलो. उदगीरकडच्या एका गावात एका बाईला मी विचारलं होतं, काय काम करता? ती म्हणाली, काही नाही, घरीच असते. आम्हाला शिकवलेलं असतं की तिथं थांबायचं नाही. मी विचारलं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा. मग ती सांगत गेली. दोन म्हशींच्या धारा, शेण, पाणी, स्वयंपाक, निंदणी, सासूचं औषध, परत धारा. सांगता सांगता ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, “अगं बया, येवढं करते मी?” मामा एकदम पुढं सरकले. “मग ते कुठं लिहितोस तू?” मी म्हणालो, “त्याला आमच्या कागदावर रकाना आहे, मामा.” त्यांनी मला ती प्रश्नावली काढायला लावली आणि चष्मा कपाळावर चढवून, एकेक ओळ बोटानं वाचली. फॉर्म वाचणाऱ्या माणसानं फॉर्म वाचावा तशी. कुठला प्रश्न आधी यायला पाहिजे, कुठला लोक टाळतील, हेही सांगितलं. दोन प्रश्नांचा क्रम आम्ही पुढं खरंच बदलला.

लातूरची गाडी लागली आणि सुटली. मी बोलतच होतो. दुसऱ्या गाडीत त्यांनीच मला बसवलं. खिडकीतून मी माझा नवीन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ती घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “अर्जातला नंबर बदलून घे आता. माझ्या भरवशावर किती दिवस राहतोस?”

तीच आमची शेवटची भेट. जाईन जाईन म्हणत राहिलो. फोन केला की ते घाईत असायचे, “लाईन सुरू हाय, मग बोलू.” पुढं मला कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावांत काम लागलं आणि मग परीक्षा आल्या. फोनही राहून गेला.

गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज होता. “दादा, मी शुभांगी. फॉर्मवाल्या मामांची.” ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, नांदेडलाच. समाजशास्त्राच्या नोट्स पाहिजे होत्या. “पप्पांनी तुमच्याकडूनच घ्यायला सांगितलंय. चिठ्ठी होती तुमच्या नंबरची.”

मी म्हणालो, “तू बी.ए.ला? अन् नीट?”

“मी तिसऱ्यांदा देणार होते. पप्पाच म्हणाले, बस झालं. म्हणाले, नीट नीट करून राहिलीस, दोन वर्षांत एक गोष्ट तू मला हसून सांगितली न्हाईस. तो हदगाव बघ. पगार विचारला तर खाली बघतो, कामाचं विचारलं तर गाडी सुटली तरी थांबत न्हाई.” ती हसली. “मग मला विचारलं, तुला काय वाचायला आवडतं? दादा, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. सगळ्या दुनियेला विचारायचे. जूनमध्ये त्यांनी स्वतःच फॉर्म भरला माझा.”

मला फार आनंद झाला. संतोषला सांगावं वाटलं, अण्णांना सांगावं वाटलं. नोट्स आजच पाठवतो म्हणालो, पुस्तकंही सांगितली, पहिल्या वर्षाला घाबरू नको म्हणालो. आणि म्हणालो, “मामांना दे ना फोन. म्हणावं, आज लाईन असू दे, बोलायचंच आहे.”



“दादा, तुम्हाला कुणी कळवलंच नाही का?” ती म्हणाली. “पप्पा गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.”